बोलकी फळी

प्रिय ठकू,

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल, आणि पाकीट फोडायच्या आधीच तू नको नको त्या शंका काढशील. म्हणून पहिल्यांदा हे सांगते की घरात सगळे ठणठणीत आहेत. तुझे बाबा मागच्या दाराशी बसून करवतीला धार लावताहेत, काका त्यांच्या डोक्याशी उभा राहून धार कशी लावू नये ते सांगतोय, आणि मी पॉलिशच्या बाकावरच कागद पसरून लिहायला बसले आहे. कडेला लाखेचा डाग दिसला तर नाक मुरडू नकोस. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे तू मध्येच "आई, एक मिनिट हं" म्हणून दुसऱ्या कुणाशी बोलायला लागतेस, आणि ते मिनिट काही केल्या संपत नाही. मला जे सांगायचंय ते अर्धवट सांगितलं तर न सांगितल्यापेक्षा वाईट होईल.

पुढच्या आठवड्यात तुझे ते हॉटेलवाले पाहुणे येणार, हे कळल्यापासून माझा जीव टांगणीला लागलाय. तू म्हणतेस की त्यांना आपलं काम पसंत पडलं तर त्यांच्या सगळ्या हॉटेलांतली टेबलं, कपाटं, पेट्या आपल्याच कारखान्यातून जातील, आणि वर्षानुवर्षं जात राहतील. ते नुसतं बघायला येणार नाहीत. बाबा त्यांच्यासमोर लाकूड निवडणार, त्यांचा कॅमेरावाला ते टिपणार, आणि मग त्यांचा इंजिनियर त्याच फळीला आपलं यंत्र लावून आत पाणी किती ते बघणार. यंत्र आणि बाबा एकच सांगतील याची तुला खात्री आहे. तू चांगली नोकरी सोडून हे दुकान मांडलंस ते याच खात्रीवर, हे मला माहीत आहे. काकालाही माहीत आहे. त्याने आत्तापासूनच दाढी कोरून घेतलीय आणि फोटोत डावी बाजू चांगली दिसते की उजवी, हे दिवसातून चारदा आरशाला विचारतो. मी मात्र त्या दिवसाचा विचार मनात आला की हातातलं काम खाली ठेवते.

आपल्या कारखान्यातली भाषा तुला पाठ आहे, तरी लिहिते, कारण लिहिता लिहिता मला जरा धीर येतो. फळी दोन ठोकळ्यांवर आडवी ठेवायची, तिच्या जवळ कान न्यायचा आणि वाकवलेल्या बोटाने टकटक करायची. आतून वाळलेली फळी खणखणीत आवाज देते, ती बोलकी. जिच्या पोटात अजून ओल आहे तिचा आवाज दबका येतो, तो दूर जात नाही, ती मुकी. मुकी फळी वरून कितीही कोरडी, देखणी दिसो, तिचं टेबल करून एसीच्या खोलीत ठेवलं की वर्षाच्या आत ती अंग आखडून घेते आणि कुठेतरी उलते. आपल्याकडे खिळा मारत नाहीत, फळीच्या टोकाला जिभेसारखं कुसू तासून दुसरीच्या खाचेत बसवतात, त्यामुळे एक फळी आखडली की तिच्या शेजारणीही हलतात. म्हणजे कुसू काकाचं, नक्षी बाबांची, पॉलिश माझं, पण सगळं उभं त्या टकटकीवर. तू मागे ओल मोजायचं यंत्र पाठवलं होतंस, ते बाबांनी खणात ठेवलं आणि वर स्क्रूंचे डबे रचले. यंत्र पाणी सांगतं, लाकडाचा स्वभाव सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला यंत्राचं वावडं नाही. पण तुझ्या पाहुण्यांना यंत्र नकोच आहे गं, ते त्यांच्याकडे आहेच. ते येताहेत ते बाबांच्या कानासाठी.

तुझा तो शब्द घरात आला त्या दिवसाची आठवण आहे ना? तू फोनवर सांगत होतीस की आजकाल लोक भुशाच्या पाट्यांची कपाटं घेतात, चार वर्षांत फेकतात, पुन्हा घेतात, आणि आपलं एक कपाट तीन पिढ्या टिकतं, म्हणून आपण लेबलवर 'शाश्वत' असं छापायचं. बाबांनी फोन कानाला लावून सगळं ऐकलं आणि गंभीरपणे विचारलं, कुणाची सासू येतेय? काका तर हसून हसून भुशाच्या ढिगावर बसला. तूही हसलीस. मीही हसले. पुढे कितीतरी दिवस कपाट नेणाऱ्या गाडीला आम्ही 'सासू निघाली' म्हणत होतो.

लेबल छान झालंय, मी एक माझ्या डब्याला चिकटवलंय. पण इथून बघताना तो शब्द मला जरा मोठा वाटतो. बाबांच्या हाताखाली नक्षीकाम करणारी आपल्याकडची ताई गेल्या महिन्यात काम सोडून गेली, त्याच भुशाच्या पाट्यांच्या कारखान्यात. तिथे दुपारी जेवण मिळतं आणि डोळे शिणत नाहीत म्हणे. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली आणि दुसऱ्या दिवसापासून रुजू झाली. तिला काय बोलणार? लाकूड देणारे म्हणतात की जुनी, जाड बुंध्याची झाडं आता तोडू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, आपणच एक झाड पाडून दोन लावा असं म्हणत आलो. पण नवीन लावलेल्या झाडांचं लाकूड वाळायला कुरकुरतं. म्हणजे पूर्वी दहांत एखादी मुकी निघायची तिथे आता तीन-चार निघतात, आणि निवडणाऱ्याचं काम वाढलंय. तीन पिढ्यांचं तू बघ. माझी झोप पुढच्या वर्षाच्या विचाराने उडते.

मग ते उंच कपाट परत आलं. दार मधोमध उललेलं, माझं पॉलिश त्या भेगेशी सालीसारखं सुटलेलं. तू गिऱ्हाइकाशी किती गोड बोललीस, त्यांच्या घरात हिटर जवळ असेल, ऊन लागत असेल, असं म्हणून दार बदलून दिलंस. बाबांनी ते दार घेतलं, त्यावरून हात फिरवला आणि भिंतीला टेकवून ठेवलं. मला वाटलं, लाकूड देणाऱ्यावर चिडलेत. माझ्या मनात तेव्हा पाल चुकचुकली होती, पण कशावरून ते मलाच सांगता आलं नसतं.

त्यानंतर तू दुकानासाठी तो व्हिडिओ काढलास. त्यात बाबांना कुणीतरी विचारलं की पॉलिशचं काय, आणि तुझे बाबा कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "पॉलिश काय, शेवटचा हात असतो." झालं. इतकी वर्षं माझ्या बोटांची कातडी लाखेने तपकिरी झाली, श्वासाला स्पिरिटचा वास, आणि हे म्हणे शेवटचा हात! आणि तू ते कापलंही नाहीस, ते वेगळंच. मी अबोला धरला. नुसतं बोलणं बंद नाही केलं, माझा बाकही फिरवला. तुला माहीत आहे, तो बाक पहिल्यापासून त्यांच्या ठोकळ्यांसमोर असतो, दिवसभर आम्ही समोरासमोर बसून काम करतो. तो मी ओढत ओढत खिडकीकडे नेला आणि त्यांच्याकडे पाठ करून बसले.

माझा अबोला त्यांनी आधीही सोसलाय. पूर्वी संध्याकाळ होईपर्यंत त्यांचा धीर सुटायचा. मग न सांगता कप विसळायचे, भिंतीशी बोलायचे की आज चहा कुणी करेल का, माझ्या बाजूची खिडकी उगाच उघडायचे आणि लावायचे. यावेळी काहीच नाही. दिवस गेले, आठवडा गेला. बाबा मजेत जेवत होते, स्वतःशी गुणगुणत होते. काकाला एकदा म्हणाले की आजकाल घर कसं शांत असतं, बरं वाटतं. मी आतून हे ऐकलं आणि अशी भडकले की सांगता सोय नाही. मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांनी या माणसाला माझं बोलणं आणि न बोलणं सारखंच झालंय.

मग एका दुपारी माझा धक्का लागून बिजागऱ्यांचा डबा भिंतीवरच्या फळीवरून खाली पडला. पितळी बिजागऱ्या, पत्र्याचा डबा, खाली फरशी. काका बाहेर रस्त्यावर होता, तो धावत आत आला. बाबा माझ्यापासून हातभर अंतरावर, पाठमोरे, पटाशीने पान कोरत होते. त्यांनी मान वळवली नाही. खांदासुद्धा हलला नाही. पानाची शीर पूर्ण केली, फुंकर मारून भुसा उडवला, आणि मग वळले तेव्हा त्यांना जमिनीवर पसरलेल्या बिजागऱ्या दिसल्या, मग काका दिसला, मग मी. "कधी पडल्या?" असं विचारलं त्यांनी. "आत्ताच," मी म्हटलं. अबोला तिथेच सुटला.

त्यानंतर एकेक गोष्ट उलगडत गेली. फोन आला की ते मला देतात, "तूच बोल, मला वेळ नाही." रस्त्यात चालताना मला नेहमी डाव्या बाजूला ठेवतात, तो कान जरा बरा असावा. जाडा, खालचा आवाज त्यांना येतो, काकाचं बोलणं येतं, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. बारीक, तीक्ष्ण आवाज गेलाय. आणि आपल्या 'सासू'वर आपण सगळे हसलो होतो, ठकू. मी काकाला एका बाजूला घेऊन विचारलं. तो रंध्याचं पातं पुसत म्हणाला, "वहिनी, दादाला आपण बोलून दाखवलं तर तो पुन्हा फळीला हात लावणार नाही. आणि त्याने लावला नाही, तर या कारखान्याला कोण लावेल?" म्हणजे त्याला माहीत होतं. मूग गिळून बसला होता. मी त्याच्यावर खूप रागावले आणि मग मीही तेच केलं.

पण एका गोष्टीचा मेळ लागेना. कान गेलेला माणूस इतके दिवस बरोबर लाकूड कसा निवडत होता? परत आलेलं ते एक कपाट सोडलं तर कुठूनच तक्रार नव्हती. मी बाक ओढत पुन्हा जागेवर नेला आणि बघत बसले. ते फळी ठोकळ्यांवर ठेवत, वाकत, टकटक करत. सगळं पूर्वीसारखं. फळी बोलकी असली की मान हलवून उजवीकडे ठेवत, मुकी असली की डावीकडे. एकही चुकली नाही. मला वाटलं, मीच काहीतरी भलतं धरून बसलेय. म्हणून एक दिवस मी बघणं सोडलं आणि लाखेत बोळा बुडवून मान खाली घालून घासत राहिले. टकटक झाली. थांबली. पुन्हा टकटक झाली. पुन्हा थांबली. मग बराच वेळ काहीच नाही. मग बाबा खोकले. मी वर बघितलं, तर ते फळीजवळ कान नेऊन तसेच वाकलेले, आणि त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे लागलेले. त्यांनी माझ्याकडे बघता बघता पुन्हा बोट मारलं. आवाज दबका आला, आणि मला दबका आवाज ऐकला की कसंतरी होतं, नेहमीच होतं, कारण त्या फळीवर उद्या पॉलिश मलाच चढवायचं असतं. माझ्या कपाळाला आठी पडली असेल. बाबांनी शांतपणे फळी उचलली आणि डावीकडे ठेवली.

ठकू, मी तेव्हा उठून आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. किती दिवसांपासून हे चाललंय मला माहीत नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही. कदाचित पहिल्यांदा त्यांनाही कळलं नसेल, आवाज कमी होत गेला असेल आणि नजर आपोआप माझ्याकडे वळत गेली असेल. पण आता त्यांना माहीत आहे. पक्कं माहीत आहे. आणि मी त्या समोरच्या बाकावर बसून इतकी वर्षं टकटक ऐकत आले, म्हणून माझ्याही कानात ती बसलीय, हे मला स्वतःला कधी ठाऊक नव्हतं. ते कपाट का उललं तेही मग कळलं. तू दुकान लावत होतीस आणि मी तुझ्याकडे राहायला आले होते, त्या दिवसांत त्याची फळी निवडली होती. समोरचा बाक रिकामा होता.

आणि पुढचं कळलं ते तर याहून वाईट. हॉटेलवाल्यांना दाखवायचं ते लांब जेवणाचं टेबल. त्याच्या फळ्या माझ्या अबोल्यात निवडलेल्या होत्या, मी खिडकीकडे तोंड करून बसले होते तेव्हा. टेबल जोडून झालं होतं, पॉलिशला माझ्याकडे आलं होतं. कुणी नसताना मी स्वतः त्याच्यावर बोट वाजवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. चार फळ्या चांगल्या बोलल्या. मधली एक मुकी. काय करू? बाबांना काय सांगू? शेवटी मी म्हटलं की या मधल्या फळीवर पॉलिश धरत नाहीये. ते आले, माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांनी काकाला हाक मारून अख्खं टेबल खोलायला लावलं. पॉलिशला काय झालं असं काकाने विचारलं तर त्याला म्हणाले, "ती म्हणते ना, मग धरत नसेल." त्या संध्याकाळी त्यांनी न सांगता कप विसळले. तेवढंच आमचं बोलणं झालं या विषयावर. त्यापुढे मी जात नाही आणि तेही जात नाहीत. टेबल आता नव्या फळीने जोडलंय, ती माझ्यासमोर निवडलीय. त्याची काळजी करू नकोस.

काळजी आहे ती दुसरीच. मी खोटं वागतेय का, हा प्रश्न मला सारखा कुरतडतो. मग वाटतं, लाकूड खरं आहे, काम खरं आहे, तीन पिढ्या टिकेल तेही खरं, फक्त कान एकाचे आणि हात दुसऱ्याचे आहेत. पण माझेही कान काही नवे नाहीत. परवा शिट्टी झाली ती कुकरची की बाहेरच्या गाडीची, हे मला पटकन कळलं नाही, आणि तेव्हापासून मी दिवसभर टेबलावर बोट वाजवून स्वतःचीच परीक्षा घेत असते. काकाच्या लक्षात आलंय. तो म्हणतो, वहिनी आता भाजीपण टकटक करून घेते. हसले मी, पण माझ्यानंतर त्या बाकावर कोण बसणार, हा विचार हसण्याने जात नाही. पाहुण्यांना खरं सांगावं असं तुला वाटत असेल तर सांग, मला त्यात कमीपणा नाही. मात्र आधी बाबांना विचार, आणि फोनवर नाही, इथे येऊन, समोर बसून, त्यांना तुझे ओठ दिसतील असं विचार.

हे सगळं मी तू येशील तेव्हा बोलणार होते. पण आज सकाळी तुझा मेसेज आला. कॅमेरावाल्याला वाटतं की बाबांनी डोळे मिटून फळी वाजवली तर फार सुंदर दिसेल, आणि मागे बायकामाणसांची ये-जा नको, म्हणून आईला तेवढा वेळ आत चहाचं बघायला सांग. मी तो मेसेज बाबांना वाचून दाखवला नाही, फोनच त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला, आणि मला म्हणाले, "पोरीला नाही म्हणू नकोस. करेन मी." आणि तेव्हापासून ते मागच्या दाराशी बसून त्या करवतीला धार लावताहेत, जिला कालच धार लावून झालीय. म्हणून हे पत्र. ठकू, चहा काका करेल, त्याची दाढीही कोरलेली आहे. मला फोटोत घेऊ नका, कॅमेऱ्याला माझी पाठ दाखवा, वाटलं तर मला अख्खी कापून टाका. पण माझा बाक जागेवरून हलवू नकोस, मला त्याच्यावरून उठवू नकोस, आणि तुझ्या बाबांना डोळे मिटायला सांगू नकोस.

उत्तराची वाट बघणारी,
तुझीच,
आई